किल्ली देताना

वरचं कुलूप अडकतं.
दार आधी स्वतःकडे ओढायचं, मग फिरवायची.
जोर करू नकोस, दोन मोडल्यात माझ्या.

खाली उतरलीस की डावीकडे अ‍ॅलिसन स्ट्रीट.
दूध कुठेही मिळेल, कोथिंबीर मात्र गझनफरकडेच,
मंगळवारी नाहीतर शुक्रवारी, अकराच्या आत.
नंतर नुसत्या काड्या उरतात.
आणि हे बघ मृण्मयी, इस्लामपूरची असलीस तरी
भाजी घेऊन झाल्यावर
'कढीपत्ता टाका की थोडा' म्हणू नकोस.
मी म्हटलं होतं, पहिल्याच आठवड्यात.
त्यानं कढीपत्ता तोलला.
पंच्याण्णव पेन्स.

ग्लासगोची भुयारी रेल्वे बघायची हौस असेल तर
आधी बसनं गावात जावं लागतं.
ती घाण्याच्या बैलासारखी गोल फिरते
आणि आपल्या अंगाला येतच नाही.
बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं.
सगळे म्हणतात, तर्र झालेलेसुद्धा.
मला आधी वाटलं, ओळखीचे असतील.

सकाळी भूक लागली तर जीनेटचं रोलचं दुकान.
सॉसेज चौकोनी असतं. तू खात नाहीस ना?
मग बटाट्याची स्कोन माग, लोणी लावून.
मी पर्समधून मेतकुटाची पुडी काढून वर भुरभुरवायचे,
चोरून.
एकदा तिनं पाहिलं. बोट लावून चाखलं आणि म्हणाली,
हेन, हे अंड्यावर काय लागेल!
हेन म्हणजे कोंबडी. बायकांना इथे असंच म्हणतात.
महिनाभर राग यायचा,
मग कुणी नाही म्हटलं की चुकल्यासारखं व्हायचं.

लाँड्रीसाठी सरळ जा,
आइस्क्रीमवाल्या इटालियनाच्या इथून उजवीकडे वळ.
म्हणजे, तो आता नाही. तिथे फोन दुरुस्त करतात.
पण वळायचं तिथूनच.
इथे सगळे असेच पत्ते सांगतात:
जळलेल्या थेटरासमोर,
बँक होती त्याच्या पलीकडचं दार.
नसलेल्या गोष्टी पाठ झाल्या
की समज, रस्ते कळले.

तीन नंबरचं मशीन नाणी गिळतं.
दुपारी झ्लातिका असते, स्लोव्हाकियाची.
तिची भाषा मला येत नाही, माझी तिला.
पण चादर वाळली की ती उठते,
दोन टोकं ती धरते, दोन मी,
जवळ येतो, लांब जातो, परत जवळ.
आधी हे काम घरातच व्हायचं.

गेल्या फेब्रुवारीत
मी एकटीपुरतं घ्यायला लागले.
एक वांगं. दोन बटाटे.
गझनफरनं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही,
आणि मूठभर हिरव्या मिरच्या वर टाकल्या.
तोलल्या नाहीत.
काही बोलला नाही, पुढच्या माणसाचा फ्लॉवर घेतला हातात.
दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून
मी पिशवी उघडली, मोजल्या.
अकरा.
भाजीत घातल्या नाहीत, मीठ लावून ठेवल्या,
उन्हाळ्यापर्यंत पुरवल्या.
ऊन तसं इथे कुठलं, पण तू समजलीस.

तुलाही टाकेल कधीतरी. मागू नकोस.
मला सहा वर्षं लागली, तुला कमी लागतील,
तू गोड बोलतेस.

बॉयलर खोकतो, घाबरू नकोस.
माझ्या नावाची पत्रं येतील, इन्व्हरनेसला पाठव.
त्याच्या नावाची आली तर
खालच्या पेटीवर ठेव, कुणीतरी नेतं.
आणि तुझ्याकडे कुणी पाहुणे आले, चुकले,
तर दुकानात सांगतील:
ती कढीपत्तावाली राहायची ना, तोच जिना.
चिडू नकोस.
वर्षभर तरी मी इथे खूण म्हणून असेन.

घे. ही खालच्या दाराची. ही वरची.
ही तिसरी कशाची
मला कधीच कळलं नाही.